जांबे ते मुळशी, विमानाने

८ जानेवारी
जांबे

सोनिया,

व्हॉट्सअॅपवर ब्लॉक केलंस, फोनवर ब्लॉक केलंस, मेलवर करायचं तेवढं राहिलं. उत्तर देऊ नकोस, मला काही तुझ्या उत्तराची भूक लागलेली नाही. पण आईचा पासपोर्ट माझ्या पत्त्यावर येतो, त्यामुळे कळवणं मलाच भाग आहे.

तर, आईचा व्हिसा आला. फोटोत डोक्यावरचा पदर काढायला लावलाय, त्यामुळे ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसते. तुझ्या मनासारखं झालं. मार्चमध्ये ती तुझ्याकडं येणार, तुझं बाळंतपण करणार, सहा महिने राहणार. मुळशीत सगळीकडं झालंय. रविवारी गेले तर एसटीच्या थांब्यावरच तिघींनी अडवून विचारलं, आई अमेरिकेला चालली म्हणं? मी हसून हो म्हटलं. कसं हसले ते माझं मला माहीत.

काल ऑफिसात जरा सवड होती. माझं काम तुला ठाऊक आहे, हिंजवडीतल्या कंपनीचं ट्रान्सपोर्ट डेस्क. कुठली गाडी कुठून निघाली, कुठं अडकली, अंधार पडल्यावर सुटणाऱ्या बायका घरी गेल्या का. प्रत्येकीला फोन करून "मॅडम, पोचलात का?" विचारायचं आणि ती हो म्हणाली की तिच्या नावापुढं टिक करायची. अकरा वर्षं हेच करतेय. तर काल इंटरनेटवर एक साइट सापडली. दोन गावांची नावं टाकली की विमानाचं अंतर आणि वेळ सांगते. मी टाकलं, मुंबई ते सिॲटल. साडेबारा हजार किलोमीटर, सोळा तास. मध्ये कुठं थांबायचं, चार-सहा तास बसून राहायचं, ते त्यात धरत नाहीत. सरळ रेघ मारून मोकळे.

मग मला काय अवदसा आठवली, मी टाकलं, जांबे ते मुळशी. साइटनं तेही सांगितलं बाई! बत्तीस मिनिटं. त्यातली तीस मिनिटं चढा-उतरायची. म्हणजे खरं तर मी आईपासून दोन मिनिटांवर आहे. बाजूची जुईली म्हणाली, मॅडम एकट्याच काय हसताय?

हसू नको तर काय करू? दोन मिनिटांवरच्या पोरीची किंमत दोन मिनिटांएवढीच असते. तुझ्याशी आई व्हिडिओवर तासतास बोलते. तुझं स्वयंपाकघर बघते, खिडकीतला बर्फ बघते, मनीषराव काय जेवले ते विचारते. आणि मला? सोमवारी सकाळी दहाला, ऐन गाड्यांच्या गडबडीत, फोन करते. "काय करतीस?" कामात आहे म्हटलं, की "बरं बरं, कर" आणि ठेवला. अर्धं मिनिटसुद्धा नाही. दर सोमवारी. माझ्या कामाची वेळ कुठली आणि मोकळी वेळ कुठली, हे अकरा वर्षांत तिला कळलं नाही, आणि तुझ्याकडं किती वाजलेत ते मात्र झोपेतसुद्धा सांगते.

तिकिटाचं काय ते मला न सांगता आईला सांगू नकोस. तिला कळत नाही, मग ती मलाच विचारते.

आक्का


२५ जानेवारी
जांबे

सोनिया,

तिकीट मिळालं. तू "व्हीलचेअर सांग" एवढाच मेल केलास. तीन महिन्यांनंतर दोन शब्द आले, मी ते दोनदा वाचले. व्हीलचेअर सांगितली. आईला कळल्यावर ती म्हणाली, "माज्या पायाला काय झालंय?" ते तुझं तू बघून घे.

आता विषय निघालाच आहे, तर त्या दिवसाचं बोलू. तू आईकडून ऐकलंस, माझ्याकडून ऐकलंच नाहीस.

दिवाळीनंतर तू गेलीस. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी टाकून मुळशीला गेले, आई एकटी पडली असेल म्हणून. बघते तर घराचा उकिरडा. तू फोडलेल्या पुड्यांचे कागद, चिवड्याचे शेंगदाणे, मनीषरावांच्या बुटांची माती, मुंग्यांची रांग थेट देवापर्यंत. आणि आई मांडीवर मोबाइल घेऊन भिंतीला टेकून बसलेली. माणूस वाटेत असताना घर झाडायचं नाही, हे मला तू शिकवू नकोस. आपल्या घरातली गेलेली वाट केरसुणीनं पुसायची नसते, माणूस पोचलं की मग झाडायचं. आण्णा मेंढरं घेऊन गेले की आई असंच करायची. पण आण्णा दोन दिवसांत कुठंतरी धनगरवाड्यावर टेकायचे आणि कुणीतरी सांगावा घेऊन यायचं. तुझं ते चोवीस तासांचं विमान, तेवढा वेळ आईनं कचऱ्यात बसायचं?

मी केरसुणी घेतली. एक कोपरा झाडला. एकच, चुलीकडचा. आईनं हातातून हिसकावून घेतली. "आगं, पोर वाटंत हाय!" माझ्यावर ती असं कधी ओरडली नव्हती. आणि नेमकं तुझं पुढचं विमान चुकलं, मधल्या विमानतळावर दहा तास बसलीस. हे काय माझ्या एका कोपऱ्यामुळं झालं? आई नुसती कोपऱ्याकडं बघत राहिली. तेव्हाच माझं डोकं फिरलं आणि मी तुला तो मेसेज केला. त्यातलं उकिरड्याचं मी मागं घेणार नाही. "तू येतेस तेव्हा पाहुणी आणि जातेस तेव्हा देव" हेही मागं घेणार नाही.

कारण मी काय बघते ते तुला माहीत नाही. दर रविवारी संध्याकाळी मी आईकडून निघते. स्कूटर आंब्याच्या वळणावर आली की मागं वळून बघते, लहानपणापासूनची सवय आहे. आणि दर रविवारी आई अंगणाच्या टोकाला वाकलेली दिसते, हातात झाडू. मी अजून वळणावर असते, सोने! गाडीचा धूर हवेत असतो. तुझ्यासाठी चोवीस तास, दहा वर झाले तर चौतीस तास, आणि माझ्यासाठी एक वळणसुद्धा नाही. तू सोनं आणि मी काय, शेणाची पाटी?

मी जळते. लिहिताना लाज वाटत नाही. मी अकरा वर्षं दर रविवारी जाते. पिरंगुटला धरणावर आलेल्या पिकनिकवाल्यांच्या गाड्यांत तास तास अडकते. गुडघ्याचं औषध नेते, गॅस लावून देते, शेरडांच्या डॉक्टरला बोलावते. तू दोन वर्षांनी एकदा येतेस, आईच्या गळ्यात पडतेस, आणि आई महिनाभर त्यावर जगते.

म्हणून परवा मी आईला घाबरवलं. हो, मुद्दाम. म्हटलं, सोळा तासांत पोचत नाहीस तू, चोवीस तास लागतात. खाली जमीन दिसत नाही. विमान हादरतं. संडासाला रांग असते. मला वाटलं, म्हणेल नको बाई. तिनं विचारलं, "चालायला लागतं का?" मी म्हटलं, नाही, बसायचंच. तर म्हणाली, "मंग काय! तुला झोळीत घिऊन मी मेंढरांमागं ताम्हिणीतनं कोकणात उतरले, पंधरा दीस चालत. तवा तू तीन म्हयन्यांची. बसून जायला काय लागतंय?"

ऐकलंस? झोळीत मी होते. तू पत्र्याच्या घरात जन्मलीस, मेंढरं विकून आण्णा रिसॉर्टच्या बागेत कामाला लागल्यावर. तिच्या पाठीवर कोकण बघितलेली मी आहे. एवढंच काय ते माझ्याकडं आहे, ते मी सांगून ठेवते.

आक्का


१५ फेब्रुवारी
मुळशी

सोनिया,

आज रविवार, आईकडंच बसून लिहितेय. ती बाहेर डिंक निवडतेय. हळीव, खारीक, बाळंतशेपा, सगळं तुझ्यासाठी चार-चार वेळा पाखडून झालं. माझ्या बाळंतपणात पाचव्या दिवशी ही भाताच्या खाचरात होती. लावणीचे दिवस होते, तिचाही इलाज नव्हता, ते मला कळतं. कळतं म्हणून जळणं थांबत नाही.

शेरडांचं सांगते. मागच्या रविवारी तू आईला व्हिडिओवर म्हणालीस, विकून टाक, कशाला पाठीमागं व्याप? मी दारात उभी राहून ऐकत होते.  शेरडं विकली म्हणजे आई परत यायची नाही. तू सहा महिन्यांचं वर्ष करशील, वर्षाचं कायमचं करशील. तुला ते जमतं. मी आईला काही बोलले नाही. संध्याकाळी तिनं शेजारच्या रत्नाबाईंना बोलावलं आणि सातही शेरडं अर्धलीनं दिली. म्हणजे त्यांनी सांभाळायची, करडं झाली की निम्मी त्यांची, निम्मी आपली. म्हणजे परत येणार! मी आत जाऊन तोंड धुऊन आले. आनंद झाला, आणि लगेच वाटलं, परत येतेय ती शेरडांसाठी, माझ्यासाठी थोडीच. तुझे दाजी म्हणतात, तुझ्या डोक्यात हा किडा कुणी सोडला? जयसिंगरावांना काय सांगायचं, त्यांना बहीण नाही.

मग आईनं मला जवळ बसवलं. चोवीस तासांचं तिच्या डोक्यात बसलं होतं, पण मला वाटलं तसं नाही. म्हणाली, "चोवीस तास घर कोन राखनार?" मी म्हटलं, कुलूप लावू. तर म्हणाली, कुलूप लावून गेलं म्हणजे घर सोडल्यासारखं होतं, दिवा लागला पाहिजे, माणूस पाहिजे, आणि कुणी झाडता कामा नये.  ती डिंकाचे खडे चाळत राहिली.

"तू ऱ्हाशील का? मी पोचंपत्तुर?"

मला, सोने. ज्या हातातून केरसुणी हिसकावली त्याच हाताला. मी म्हटलं, रत्नाबाईंना सांग की, त्या इथंच तर असतात. आई म्हणाली, "ती शेजारीन हाय."  उठून डिंक डब्यात भरायला गेली.

मी सुट्टी टाकलीय, दोन दिवसांची. तुझ्यासाठी नाही टाकलेली.

आक्का


६ मार्च
मुळशी

सोनिया,

आई विमानात बसली. दुपारी सुटलं, मी अॅपवर बघितलं. तुला मनीषरावांनी सांगितलं असेलच, तरी सांगते.

विमानतळावर व्हीलचेअर घेऊन मुलगा आला. आईनं त्यालाच विचारलं, "तुजं पाय दुकत्यात का?" शेवटी पिशव्या खुर्चीत बसल्या आणि आई बाजूनं चालत गेली. कोथरूडचं एक जोडपं त्याच विमानात आहे, अपूर्वा नावाची बाई आहे, तिला मी हात जोडून सांगितलंय. आत जाताना आई वळली नाही. मी काचेला नाक लावून उभी, आणि ती सरळ गेली. गर्दीत मी कुठं दिसणार म्हणा. पण तुझ्याकडं जाताना तिला मागं बघायचं सुचलं नाही, हे मला लागलं ते लागलंच.

ऊन उतरायच्या आत मी इथं परत आले. दार उघडलं. पहाटेच्या घाईत सगळं पडलेलं, शेपांचा चुरा, दोऱ्यांचे तुकडे, आईच्या जुन्या चपला एक इकडं एक तिकडं. रत्नाबाई गोठ्यात शेरडं बांधत होत्या. मी खोटं बोलणार नाही, मला इतका राग आलेला होता की मी केरसुणी उचलली. म्हटलं, कोण बघतंय? चोवीस तास तिकडच्या लेकीसाठी, आणि इथं मी मुंग्यांत झोपू?

रत्नाबाई दारात आल्या. म्हणाल्या, "पोचू दे की तिला." मी तिथंच फुटले. शेजारीण असली तरी लहानपणापासून बघितलेली बाई, तिच्यापुढं सगळं ओकले. माझ्या वेळी कुठं जातं हे पोचणं, मी वळणावर असतानाच ही अंगणात झाडू घेऊन उभी, अकरा वर्षं माझ्या डोळ्यांनी बघतेय.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "केरसुणी व्हती का खराटा?"

एवढ्या लांबून काय दिसतंय, मी म्हटलं.

"आगं खुळे, गोठा झाडती ती. शेरडं घरी आली की लेंड्या काढायच्या का न्हाई? घर कुटं झाडती? तू गेलीस की घराला हात लावत न्हाई ती. मी किती डाव म्हनलं, आगं बये, जांब्याला गेलीया पोरगी, काय लढाईला न्हाई, झाडून घे. तर म्हनती, पोचल्याचं कळलं न्हाई आजून."

मी म्हटलं, मग फोन करायचा ना.

"तूच म्हनली व्हतीस न्हवं, मी गाडीवर आसते, फोन करत जाऊ नगंस. तिला वाटतंय, वाजला तर तू उचलायला जाशील आन् पडशील. आन् घरी गेल्यावर तू तर फोन करत न्हाईस. मंग सोमवारी तू हापिसात बसलीस की करती फोन. तू बोललीस, की उठती आन् घर झाडती. दर सोमवारचं हाय ते. मला हिकडं आवाज येतुया केरसुणीचा."

मी केरसुणी खाली ठेवली. मला त्यांच्यापुढं रडायचं नव्हतं, पण ते काही हातात राहिलं नाही. त्या म्हणाल्या, चहा करते, आणि गेल्या. बराच वेळ आल्याच नाहीत, शहाणी बाई.

"काय करतीस" म्हणायची ती. आणि मी, कामात आहे. दिवसाला साठ-सत्तर बायकांना मी स्वतः फोन करून विचारते, पोचलात का. आईला एकदाही सांगितलं नाही, पोचले म्हणून. दोन मिनिटांवर राहणाऱ्या माणसाला ते सुचतच नाही, सोने. त्यात माझं काय चुकलं आणि काय नाही, ते मी आज ठरवणार नाही. दिवा लावलाय. इथंच निजणार आहे, कचऱ्यात.

आक्का


७ मार्च
मुळशी

सोनिया,

उजाडल्यापासून अॅप बघतेय. मधल्या विमानतळावरून आईचं विमान वेळेत सुटलं. आता तुझ्या गावावर घिरट्या घालतंय. तू गाडी घेऊन निघाली असशील, या पोटानं निघू नकोस, मनीषरावांना पाठव.

इथं मुंग्यांनी माझी चादर धरली होती. शेपांचा चुरा तसाच आहे. रत्नाबाईंनी दारातूनच चहा दिला, आत पाऊल टाकलं नाही, केर पायानं इकडंतिकडं व्हायला नको म्हणून. कोपराही झाडलेला नाही. चुलीकडचासुद्धा नाही.

रात्रभर मी एक हिशोब केला, तो तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. रविवारी संध्याकाळी सहाला मी इथून निघते. सोमवारी सकाळी दहाला आईचा फोन येतो. मध्ये किती तास होतात ते मोज. त्या साइटवर तुझ्या सिॲटलला जेवढे दाखवतात, बरोबर तेवढेच, सोळा. तू दोन वर्षांतून एकदा सोळा तास लांब जातेस. मी दर आठवड्याला जात होते, अकरा वर्षं, आणि आई दर आठवड्याला तेवढा वेळ कचऱ्यात बसत होती. माझ्यासाठी. आता तू जळ थोडी. मी पुष्कळ जळले.

सहा महिने ती तुझी आहे. तिला डाव्या कुशीवर झोप लागत नाही, गुडघ्याला तेल कोमट लागतं, आणि तिला एकटीला लिफ्टमध्ये सोडू नकोस. तू बाहेर गेलीस की पोचल्याचं कळवत जा. भाजी आणायला गेलीस तरी. नाहीतर ती तुझं ते एवढं मोठं घर झाडू देणार नाही, आणि सांगणारही नाही. तिथं रत्नाबाई नाहीत सांगायला.

आई दारात आली की मला फोन कर. मेसेज नको, मला तिचा आवाज पाहिजे. त्यासाठी तुला आधी ब्लॉक काढावा लागेल, तेवढं कर. मी केरसुणी मांडीवर घेऊन बसलेय.

आक्का